थकबाकी

आईनं आमटीत मीठ घातलंच नव्हतं. पहिल्या घासालाच माझ्या लक्षात आलं आणि मी तिच्याकडं बघितलं, तर तिनं डोळ्यांनीच गप्प राहायला खुणावलं. समोर माझा धाकटा भाऊ जेवत होता. ताटाच्या डाव्या अंगाला त्याचा फोन. दर दोन घासांनी तो उजळायचा, धाकट्याची मान वळायची, हात भातातच थांबायचा. ती अळणी आमटी त्यानं दोनदा वाढून घेतली, भात संपवला, ताटात हात धुतला आणि उठून गॅलरीत गेला. दार लोटलं गेल्यावर आई म्हणाली, “विसरले नव्हते मी. मुद्दामच घातलं नाही. महिनाभर बघतेय, पानात काय वाढलंय ते त्याला कळतच नाही. आज खात्री करून घेतली.”

तिचे डोळे भरून आले होते. मी कोल्हापुरात एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. कामाचा शीण आणि कामानंतरचा विसावा हा माझ्या अभ्यासाचा विषय. पण माझ्या भावाचं काय झालंय हे वाटीभर आमटीनं आईला माझ्या आधी कळलं होतं.

धाकटा कराडला एका बँकेत वसुली अधिकारी आहे. सलग नव्वद दिवस हप्ता आला नाही की कर्ज एनपीए, म्हणजे अनुत्पादक, ठरतं, म्हणून त्याआधीच्या प्रत्येक दिवसाला त्याच्या धंद्यात किंमत आहे. दिवसभर तो मोटारसायकलवर असतो. कुणाच्या दुकानाच्या फळीवर बसायचं, कुणाला तुटून गेलेल्या उसाच्या बांधावर गाठायचं. समोरच्याची म्हैस मेलेली असते, कुणाच्या घरात ऑपरेशन झालेलं असतं. ते सगळं नीट ऐकून घ्यायचं आणि शेवटी पैसे मागायचे. माणूस हळवा असेल तर हे काम फार वाईट, आणि आमचा धाकटा हळवा आहे. सहाला शाखा बंद होते. रात्री साडेनऊला ग्रुपवर विचारणा येते, आजचा आकडा किती, उद्याचा किती धरायचा. ज्याचा आकडा कमी त्याचं नाव सगळ्यांसमोर. मग अकराला झोप आणि तीनला जाग.

“ताई, तीन वाजता मला माणसांची नावंसुद्धा आठवत नाहीत,” त्या रात्री गॅलरीत तो म्हणाला, “खाते नंबर आठवतात.”

आपल्या भाषेत हप्ताही थकतो आणि माणूसही थकतो. क्रियापद एकच. राहिलेल्या हप्त्यांना आपण थकबाकी म्हणतो. माणसाच्या अंगातही अशी थकबाकी साठते हे मी वर्गात दरवर्षी शिकवते. नेदरलँड्सच्या थिओ मेइमन आणि मुल्डर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये ते फार सोप्या रीतीनं मांडलं. काम केलं की शीण येणारच, नाडी वाढणार, मन ताणलेलं राहणार, त्यात बिघाड काही नाही. ओझं उतरलं की शरीर आपणहून मूळ जागी येतं. पण ते पुरतं जागेवर येण्याआधीच पुन्हा ओझं चढलं, तर माणूस दुसरा दिवस कालची बाकी घेऊनच सुरू करतो. रोज थोडी बाकी राहते. एका दिवसाची म्हणून ती दिसत नाही, आणि एक दिवस झोप जाते, भूक जाते, जिभेची चव जाते.

मी त्याला त्या रात्री सगळं समजावून सांगितलं. जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठाच्या साबीने झोनेनटाग या बाईंनी हयातभर याच एका प्रश्नाचा माग काढलाय, की काम संपल्यावर माणूस भरून कसा निघतो. (त्यांचं आडनाव जर्मन भाषेतल्या रविवाराच्या अगदी जवळचं आहे, झोनटाग. मला त्याचं नेहमी अप्रूप वाटतं.) २००७ मध्ये त्यांनी शार्लट फ्रिट्झ यांच्याबरोबर एक प्रश्नावली तयार केली, ती आज जगभर वापरतात. कामातून मन सुटतं का, अंग सैल होतं का, कामाबाहेरचं काही शिकण्यात किंवा जमवण्यात जीव रमतो का, आणि संध्याकाळ कशी घालवायची हे आपल्या हातात असतं का, अशा चार अंगांनी ती विचारपूस करते. या चारांत मला पहिलं फार मोलाचं वाटतं. अंग घरी आलं आणि मन कचेरीतच राहिलं, तर त्या घरी येण्याचा उपयोग नाही.

धाकट्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “हे सगळं करायलाही अंगात त्राण लागतं ना, ताई? ते कुठून आणू?”

त्याला उत्तर नव्हतं. झोनेनटागबाईंनीच २०१८ मध्ये हा पेच मांडलाय. ज्याला विसाव्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तो घेणं सर्वांत अवघड जातं. फार दमलेला माणूस फिरायला जात नाही, पेटी उघडत नाही, मित्राला हाक मारत नाही. तो फोन घेऊन पडून राहतो आणि त्यातच रात्र संपते. मी तो लेख वर्गात शिकवलेला होता. माझा भाऊ त्यातलं एक वाक्य होऊन पुढ्यात बसला तेव्हा मात्र तो पहिल्यांदा कळला.

मे महिन्यात आठ दिवस रजा काढून सगळे कुंभार्ली घाट उतरून गुहागरला जाऊन आले. धाकटा परतला तेव्हा चेहरा उजळला होता, आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तसाच. सुट्ट्यांचा अभ्यास करणाऱ्या जेसिका डी ब्लूम यांनी हेच पाहिलंय, सुट्टीनं आलेली तरतरी कामावर परतल्यावर फार लवकर विरते. सुट्टी वाईट असं नव्हे. पण वर्षाची थकबाकी एकरकमी फिटत नाही, ती रोजच्या रोजच फेडावी लागते.

आषाढात बेंदराला आम्ही आजोळी गेलो. पाटण खोऱ्यात, कोयनेच्या काठाला. मामा आता पंच्याहत्तरीला आलाय. भावकीत बहुतेकांनी ट्रॅक्टर घेतले, त्यानं एक जोडी ठेवलीय. सर्जा आणि राजा. बेंदराच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना ऊन पाण्यानं शेकायचं आणि हळद-तूप चोळायचं. कौलांवरून पाऊस ठिबकत होता, गोठ्यात शेणीचा धूर कोंडला होता. मामा राजाचा खांदा भराभर चोळून सर्जाकडं आला आणि त्याचा हात हळू झाला. सर्जाचा खांदा सुजला होता. पेरणीच्या घाईत शेजाऱ्यानं त्याला पैऱ्यानं नेला आणि सलग जुंपला.

“चार दिस जू ठिवलं न्हाई तर बसंल आपसूक,” मामा म्हणाला. “पर रोज थोडं थोडं जुपत ऱ्हायलं तर चिघळंल.”

मी तिथं दाराशी उभी होते. मेइमन आणि मुल्डर यांचा सगळा सिद्धांत त्यात होता.

धाकटा गोठ्यातच होता, सर्जाची वेसण धरून. खिशातला फोन थरथरला. त्याचा हात वेसणीवरून सुटला, फोन काढून तो रेंजसाठी दाराकडं निघाला. मामानं काही न बोलता हात लांब करून त्याच्या खांद्यावर ठेवला. पांढऱ्या शर्टावर हळदीचा पंजा उमटला. मामानं तो खांदा दोनदा दाबून पाहिला, बैलाचा पाहिला होता तसाच.

“ह्यो बी सुजलाय की रं.”

धाकटा हसला नाही. तो तिथंच पेंढीवर बसला आणि लहानपणी बसायचा तसा गुडघे पोटाशी घेऊन बराच वेळ बसून राहिला. मामानं सर्जाचा खांदा पुरा केला. मग हात पुसत म्हणाला, “आरं लेका, जू खाली ठिवलं म्हंजी बैल सुटला आसं न्हाई. गोठ्यात येऊन बसतुय, पर कान उभं, नजर दाराकडं. मग कवातरी रवंथ सुरू करतोय. तवा सुटला म्हणायचं.”

रवंथ हा शब्द ऐकून मी चमकले. दिवसभराचं तेच तेच मनात घोळवत बसणाऱ्या माणसालाही आपण रवंथ करतो असंच म्हणतो. बैलाचं रवंथ म्हणजे विसावा लागल्याची खूण आणि माणसाचं म्हणजे न लागल्याची. बैल खाल्लेलं पचवत असतो. माणूस खाते नंबर चघळतो, त्यातून काही अंगी लागत नाही.

“मामा, अर्धं राहिलेलं काम डोक्यातून जातच नाही,” धाकटा म्हणाला. “बंद करायचं म्हटलं तरी बंद होत नाही.”

“मग डोक्यात आणतुयास कशाला? मी नांगरट अर्ध्यात सोडतुय तवा काय करतुय ठावं हाय का? जितं तास थांबलं तितं निरगुडीची फोक रवतुय. उद्या हितनं धरायचं. ध्यानात फोकेनं ठिवायचं, म्या कशाला?”

नांगराच्या ओळीला मामा तास म्हणतो.

फोक रोवण्याची ही युक्ती मामाला कुठल्या पुस्तकानं शिकवली नव्हती, पण पुस्तकांत आहे. ब्लूमा झायगार्निक नावाच्या बाईंनी बर्लिनमध्ये प्रयोग करून १९२७ मध्ये मांडलं, की पुरी झालेली कामं माणूस लवकर विसरतो आणि अर्धवट राहिलेली मनात रेंगाळतात. या कल्पनेचं मूळ हॉटेलातल्या वेटरांत सांगतात. गिऱ्हाइकानं पैसे दिलेले नसतात तोवर कुणी काय मागवलं ते वेटरला तोंडपाठ, पैसे चुकते झाले की साफ पुसलं जातं. वसुलीच्या माणसाची गत यावरून समजावी. त्याचं एकही खातं संध्याकाळी चुकतं होत नाही. सगळीच गिऱ्हाइकं त्याच्या डोक्यात टेबलाशी बसून असतात. २०११ मध्ये अमेरिकेत मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांनी पुढची गोष्ट दाखवली. अर्धवट काम पुरं करायलाच लागतं असं नाही. ते केव्हा आणि कसं करायचं याचा नेमका बेत ठरला, तरी मन त्याचा पिच्छा सोडतं. म्हणजे निरगुडीची फोक.

कराडला परतताना गाडीत धाकटा बराच वेळ गप्प होता. मल्हारपेठ मागं पडल्यावर म्हणाला, “फोक रोवीन मी. पण मामाच्या बैलाला रात्री साडेनऊला कुणी जुंपत नाही.”

तो बरोबर बोलत होता. आमच्या विषयात ही चूक वारंवार होते. थकलेल्या माणसालाच सांगतात, तू श्वासाचे व्यायाम कर, तू फोन लांब ठेव, तू मन घट्ट कर. सर्जाला कुणी म्हणालं का, खांदा घट्ट कर म्हणून? जुंपणाऱ्यानंच थांबायला हवं होतं. मी त्याला नारायण मेघाजी लोखंड्यांची गोष्ट सांगितली. त्यानं नाव ऐकलं होतं, तपशील माहीत नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा हक्काचा रविवार नव्हता. सत्यशोधक लोखंड्यांनी १८८४ मध्ये कामगारांना एकत्र करून मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार सह्या घेतल्या. त्यात आठवड्याची एक सुट्टी होती, रोज दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती. मालकांनी दाद दिली नाही. सहा वर्षं ते मागत राहिले. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. त्या बायकांचा विचार माझ्या मनात फार वेळा येतो. घरचं आवरून, पोरं कुणाकडं तरी ठेवून त्या तिथं उभ्या राहिल्या असतील आणि एवढ्या माणसांसमोर बोलल्या असतील. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

“म्हणजे रविवार कुणीतरी मागितला म्हणून आहे,” धाकटा म्हणाला.

“मागितला म्हणूनच आहे. आणि आता तो फोनमधून परत नेतायत.”

फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या फोन-मेलबद्दल कामगारांशी बोलणी करावी लागतात, हेही त्याला सांगितलं. आपल्याकडं सुप्रिया सुळे यांनी असाच हक्क मागणारं २०१८ चं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. कायदा झाला नाही. त्यावर धाकटा एकदम बोलला, “कायदा आहे की! कर्जदारासाठी आहे. वसुलीसाठी सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर त्याला फोन करायचा नाही, रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये परिपत्रकच काढलं होतं. मी पाळतो ते. सात वाजले की मी कुणाला फोन करत नाही.” आणि मग हळू आवाजात, “मला मात्र साडेनऊला येतो.”

दुसऱ्या सोमवारपासून त्यानं सुरुवात केली. निघायच्या आधी दहा मिनिटं टेबलाशी बसायचं. एक साधी रेघी वही. डावीकडं खातं, मधे काय अडलंय, उजवीकडं उद्या किती वाजता आणि काय करायचं. ‘गाठायचं’ एवढंच लिहून भागत नाही हे त्याला दोन दिवसांत उमगलं. ‘अकराला दुकानावर, मुलगा असताना’ असं लिहिलं तरच डोकं ते खाली ठेवतं. वही घरी आणायची नाही. टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावायचं. पहिले पंधरा दिवस तीनची जाग तशीच होती. मग कधी चार, कधी साडेपाच.

आणि एक दिवस तो शाखेच्या मॅडमच्या केबिनमध्ये गेला. अंगात तोच शर्ट होता. तीन धुण्यांनंतरही खांद्यावर पिवळसर छटा राहिली होती. बोलायचं काय हे त्यानं वाटेत घोकलं होतं, तिथं गेल्यावर एवढंच निघालं, “मॅडम, थकबाकीदाराला आपण सातनंतर फोन करत नाही.”

मॅडम काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मला वरून पावणेदहाला विचारतात हो. माझ्या मुलीचा अभ्यास मी एका हातात फोन धरून घेते.” त्यांच्याही खांद्याला कुणी हात लावून पाहिला नव्हता. आकडा रात्री घ्यायचा की सकाळी दहाला, यानं कुठलाच हप्ता लवकर येत नाही हे दोघांनाही माहीत होतं. त्यांनी वर तसं लेखी कळवलं. आठवडाभर कुरकुर झाली, मग सकाळचा आकडा रुळला. मार्चचे शेवटचे दहा दिवस मात्र सुटले नाहीत. तेव्हा त्यांनी पाळी लावली, एका रात्री एकानंच फोन बघायचा, बाकीच्यांनी बंद ठेवायचा. ग्रुपवर नावं टाकणं मॅडमनी थांबवलं. मला ते सगळ्यांत मोठं वाटतं.

गुरुवारच्या भजनाला त्यानं पुन्हा पखवाज धरला. कॉलेजात असताना वाजवायचा, नोकरी लागल्यावर सुटला होता. गल्लीतल्या भजनी मंडळाला वादक हवाच होता. एकदा मी गेले होते ऐकायला. बसल्या बसल्या त्यानं परातीतली भिजवलेली कणीक घेतली, डाव्या पुडीवर गोळा थापला, थाप मारून पाहिली, थोडी काढली, पुन्हा लावली. आवाज पाहिजे तसा खोल लागेपर्यंत त्याचं दुसरीकडं लक्ष नव्हतं. बोटं कणकेनं माखलेली. पिशवीत फोन वाजून गेला. घेता आला नसताच, आणि घ्यायचं त्याच्या मनातही आलेलं दिसलं नाही. दोन तास वाजवून अंगाला घाम फुटला होता, तरी घरी निघताना तो दमलेला नव्हता. काम सोडून लोळणं म्हणजे विसावा असं आपण धरून चालतो. त्याच्या पावलांकडं बघितलं असतं तर कुणालाही ते खोटं वाटलं असतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी कराडला गेले होते. बँकेत वर्षअखेर होती. त्या रात्री पाळी दुसऱ्या कुणाची तरी होती. ताटाच्या डाव्या अंगाला चटणी होती, लिंबाची फोड होती. मी पहिला घास घेतला आणि आईकडं बघितलं. तिनं मागच्यासारखंच डोळ्यांनी खुणावलं.

धाकट्यानं आमटीची वाटी उचलली, एक भुरका घेतला आणि थांबला.

“आई, मीठ विसरलीस.”

चाळीस वर्षांत आपल्या स्वयंपाकाला नाव ठेवलेलं आईनं कधी खपवून घेतलं नव्हतं. ती लगबगीनं उठली, मिठाची बरणी घेऊन आली आणि चमचा हातात धरून त्याच्या पानाशी उभी राहिली.

“किती घालू?”